*छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर: किती काम होईल, किती नाही*



उन्हाळा आला की विचारणा सुरू होते: "छोटा ट्रॅक्टर घेतोय, पुढे लोडर पण बसवू का? जेसीबीचं भाडं वाचेल." थोडा मोठा मेसेज आहे, पण सही करायच्या आधी वाचा. माझं मत आधीच सांगतो: ट्रॅक्टर घ्या, लोडर एकट्याने घेऊ नका.

*१) लिफ्टचा आकडा नीट समजून घ्या*
दुकानात सांगतात, "साडेसातशे किलो उचलतो." २४-२५ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ते खोटं नाही. पण तो आकडा *मागच्या* लिफ्टचा, म्हणजे रोटाव्हेटर-नांगर उचलायचा. पुढच्या लोडरची ताकद वेगळी असते, आणि या साइजला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर. त्यातही जमिनीलगत जेवढं उचलतं, तेवढं ट्रॉलीच्या उंचीवर उचलत नाही. म्हणून विचारताना असं विचारा: "लोडर पूर्ण वर असताना, बकेटमध्ये किती किलो?" उत्तर लिहून घ्या.

*२) बकेट तीच, वजन वेगळं*
समजा बकेट ५ घनफुटाची आहे. अर्धवट सुकलेलं शेणखत भरलं तर १०० किलोच्या आसपास, आरामात उचलेल. तीच बकेट मुरमाने भरली तर सव्वादोनशे किलो. पावसाची ओली माती त्याहून जास्त. म्हणजे शेणखताला शिगोशीग चालेल, मुरमाला अर्धी-पाऊण बकेटच भरा.

*३) हा जेसीबी नाही*
नेहमीच्या जेसीबीची पुढची बकेट १.१ घनमीटरची, म्हणजे जवळपास ३९ घनफूट. आपली ५ घनफूट. एक ब्रास मुरूम जेसीबी तीन बकेटात टाकेल, तुम्हाला २० फेऱ्या लागतील, पाऊण बकेटने सत्तावीस. आणि लोडर हा *सुटा माल उचलायला* आहे, खोदायला नाही. बांध फोडणं, दगड उपटणं, शेततळं, खाचराची सपाटी ही कामं त्याला लावली की आधी पिना-बुश जातात, मग पुढचा एक्सल. त्या कामाला जेसीबीच बोलवा. तासाचे पैसे द्या आणि मोकळे व्हा.

*४) आपली जमीन उताराची आहे*
सगळ्यात महत्त्वाचं हेच. छोट्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन पाऊण ते एक टन. पुढे दोनशे किलो लटकले की मागची चाकं हलकी होतात. पकड जाते, ब्रेक लागत नाही. सपाट गावात हे चालून जातं. आपल्याकडे वरकस माळावर, आडव्या उतारावर, बकेट वर धरून वळलं की ट्रॅक्टर पलटी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरला रोलबारही नसतो. म्हणून:
▪️ मागे वजन हवंच: रोटाव्हेटर जोडलेला ठेवा किंवा मागच्या टायरात पाणी भरा.
▪️ चालताना बकेट गुडघ्याच्या खाली. वर फक्त ट्रॉलीत ओततानाच.
▪️ आडव्या उतारावर भरलेली बकेट नेऊ नका. सरळ चढा, सरळ उतरा, आणि भरलेली बकेट चढाच्या बाजूला ठेवा.
▪️ दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा.
▪️ बकेटमध्ये माणूस बसवायचा नाही. आंबे काढायलाही नाही.
▪️ चिखलणीच्या आधी लोडर काढून ठेवा. पुढच्या वजनाने ट्रॅक्टर खाचरात रुततो.

*५) आता हिशोब*
दोन एकराला एकरी ५ टन धरलं तर १० टन शेणखत. १०० किलोच्या बकेटने १०० फेऱ्या. एका फेरीला अडीच मिनिटं, म्हणजे चार-सव्वाचार तास. घराजवळच्या रस्त्याला चार-पाच ब्रास मुरूम टाकला तर अजून पाच तास. झालं वर्षाचं काम! दहा तासांसाठी कर्ज काढून लोडर दारात उभा ठेवायचा का?

लोडर वाईट आहे असं मी म्हणत नाही. घमेल्यात १५-२० किलो बसतं. १० टन खत म्हणजे पाचशे-सहाशे घमेली, आणि ती बहुतेक घरात बाईच्याच डोक्यावरून जातात. खत टाकायच्या दिवसांत मजूर मिळत नाही, कारण आपलीच माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला गेलेली असतात. ते ओझं उतरलंच पाहिजे. पण त्यासाठी प्रत्येकाच्या दारात एकेक लोडर कशाला? तीस घरांचे दहा-दहा तास मिळून तीनशे तास होतात. तेवढ्या कामाला एक लोडर पुरतो, पैसाही वसूल होतो. म्हणून माझं म्हणणं: *ट्रॅक्टर ज्याचा त्याचा, लोडर गटाचा.* अवजार बँकेत ठेवू, चालवायला एकच शिकलेला माणूस नेमू, पाळी लावू.

छोटा ट्रॅक्टर स्वतःचा असला तर कामाला येतोच. चिखलणी, स्ट्रॉबेरीचे बेड, आंब्याच्या ओळीत रोटाव्हेटर, फवारणी: आपल्या लहान तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे हा वळतो.

*अनुदानाचं:* अर्ज महाडीबीटीवर. *पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका.* आधी बिल केलं तर अनुदान जातं. चालू मर्यादा तालुका कृषी कार्यालयात विचारा.

तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस मेसेज करा, लिहायलाच पाहिजे असं नाही. गटाच्या लोडरसाठी ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी आपलं गाव आणि वर्षाला लागणारे अंदाजे तास कळवा. पुढच्या बैठकीत त्यावरच ठरवू.

🙏 ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्या शेजाऱ्याला वाचून दाखवा.