गुण वाढले, पण कशामुळे?

शाळांमधला कृतिसंशोधनाचा बहुतेक कोणताही अहवाल उघडा. पूर्वचाचणी, दोन महिने नवा उपक्रम, मग उत्तरचाचणी. सरासरी वाढली, उपक्रम यशस्वी, सही, शिक्का. तुलनेला दुसरा वर्ग नाही. मी उर्दू-मराठीचा शिक्षक आहे आणि मला हे यश मान्य नाही.

जोतिबाच्या परिसरातली एखादी शाळा घ्या. पूर्वचाचणी फेब्रुवारीत, उत्तरचाचणी चैत्र यात्रेच्या तोंडावर. त्या दिवसांत बरीच मुलं घरच्यांच्या नारळ-गुलालाच्या दुकानात असतात. गैरहजर राहणारी मुलं बहुधा आधीच कमी गुणांची. ती उत्तरचाचणीला नसली की उरलेल्यांची सरासरी चढते, कुणी काही न शिकवता! शिवाय तेच प्रश्न पुन्हा आलेले. आणि उपक्रमासाठी सर्वांत कच्ची मुलं निवडलेली असतील तर पुढच्या खेपेला त्यांतली काही वर येतातच. पहिल्या दिवशी एखाद्याला ताप होता, एखादा उपाशी होता. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी 1963 मध्येच हे सगळे धोके मांडले. बी.एड.ला आपण ते 'अंतर्गत सप्रमाणता' या मथळ्याखाली पाठ करतो, बस्स.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांच्या शेजारी तुलनेची 47 गावं ठेवली. दोन्हीकडचे बालमृत्यू आधी मोजले, मग काम केलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो प्रयोग छापून आला. बाळंच कमी दगावली की काळच बदलला, हे सांगायला ती 47 गावं होती.

आपल्याला याचं काय? 'उर्दू माध्यमाची मुलं मराठीत कच्ची' हे वाक्यही असंच तयार होतं. एक उर्दू वर्ग, एक मराठी वर्ग, एकच पेपर. फरक दिसला की दोष उर्दूचा. घरी कोणती भाषा बोलतात, आई किती शिकली, मराठीचा शिक्षक वर्षभर होता का, हे कुणी विचारत नाही. दोन्ही वर्ग सुरुवातीपासूनच सारखे नव्हते. आपलेच काही लोक हा आकडा ऐकून मुलांना उर्दू शाळेतून काढतात. दुसरे एका उपक्रमाच्या वाढलेल्या गुणांवर उर्दू शाळांचे ढोल बडवतात. दोघांचा पुरावा एकाच भट्टीतला.

पुढचा अहवाल कुणी पुढ्यात ठेवला की दोनच प्रश्न विचारा: तुलनेचा वर्ग कोणता होता? आणि उत्तरचाचणीला कोण कोण नव्हतं?