पॅड बांधून बसलेल्यांसाठी

ज्यांचं नाव यंदाही यादीत आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बढतीची यादी असो, कंत्राटावरून कायम करण्याची असो, नाहीतर परदेशी पाठवायच्या माणसांची. रात्री उशिरापर्यंत बसून काम तुम्ही उरकलंत आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून एक्सेल शिकलेला मुलगा सोमवारपासून तुमचा साहेब झाला. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, नशीब. मी तसं म्हणणार नाही. हे दुखतं, आणि दुखण्यात गैर काही नाही. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या सहा-आठ महिन्यांबद्दल.

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमचा सेंट झेवियर्सशी हॅरिस शिल्डचा सामना चालला होता. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागी केली, हे मुंबईतल्या पोराटोराला पाठ आहे. त्या भागीच्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. अमोल मुझुमदार, वय 13. विकेट पडली की आपण, अशा तयारीत तो बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही.

हा किस्सा नेहमी इथेच संपवतात. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. 1994 मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्यानं हरियाणाविरुद्ध 260 धावा काढल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्यानंतर वीस वर्षं तो खेळला, प्रथम श्रेणीत 11,167 धावा आणि 30 शतकं केली, आणि भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. मधल्या फळीत द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण उभे होते. जागाच नव्हती.

म्हणून पहिलं काम हे करा : आपल्यात उणीव होती की जागा नव्हती, ते नीट विचारून घ्या. कॅन्टीनमध्ये कुजबुजून ते कळणार नाही. साहेबांची वेळ मागा आणि सरळ विचारा, 'पुढच्या वेळी माझा विचार व्हावा म्हणून माझ्या कामात काय दिसायला हवं?' उत्तर मिळालं तर वहीत तारीख घालून लिहा आणि त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल पाठवा, की आपलं असं बोलणं झालं. गोलगोल उत्तर मिळालं तर तेही लिहा. वर्षभरानं तेच गोलगोल उत्तर परत आलं, तर जागा नाही हे तुम्हाला कळलेलं असेल.

जागाच नसेल तर दुसरीकडे बघण्यात कमीपणा नाही. मुझुमदारच्या नेतृत्वाखाली मुंबईनं 2006-07 ची रणजी जिंकली होती, तीही पहिले तीन सामने हरल्यावर. असा माणूस 2009 मध्ये मुंबई सोडून आसामकडून खेळायला गेला, नंतर आंध्रकडून. मोठ्या नावाच्या संघातून लहान संघात गेला, पण बॅट खाली ठेवली नाही. आपल्याकडे पंचवीस वर्षं एकाच कंपनीत काढण्याचं भारी कौतुक असतं. मला ते पटत नाही. जिथं आपल्याला खेळायला मिळतं, ते गाव आपलं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. 2025 च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला. त्यातल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं. पुढच्या सामन्यात ती परत आली. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात 339 धावांचा पाठलाग होता आणि आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार, हे तिला मैदानात उतरायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. ती 127 वर नाबाद राहिली. शेफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणं गेलं. अंतिम सामन्यात तिनं 87 धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर ठरली.

निरोप गेला तेव्हा शेफाली घरी बसलेली नव्हती. ती हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे. यादीत नाव नाही म्हटल्यावर हात आखडता घ्यावासा वाटतो, 'पगारापुरतंच करायचं' असं वाटतं. तो राग मला समजतो. पण तोटा कंपनीचा थोडा आणि तुमचा फार होतो, कारण सराव तुटतो. मार्चएंडचे हिशेब, नवं सॉफ्टवेअर, ग्राहकाशी बोलणं, जे काही तुमच्या हातचं आहे ते चालू ठेवा. कंपनीसाठी नको, स्वतःच्या हातासाठी ठेवा.

सबुरीला फळ येतंच, असं मात्र मी सांगणार नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूच्या पहिल्या डावात 16 धावांत आठ बळी घेतले. एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची ती जागा बिशनसिंग बेदींकडे होती. तरी 1987-88 मध्ये मुंबईनं परत हाक दिली, तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले शिवलकर चेंडू घेऊन मैदानात उतरले. त्यांच्या बाबतीत झालं ते योग्य होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांची गोलंदाजी मात्र कुठल्याही निवड समितीपेक्षा मोठी होती.

आणि हे सबुरीचं बोलणं अन्यायाला लागू नाही. बाईमाणूस म्हणून, जातीवरून किंवा कोणाचा वशिला पुढे आला म्हणून नाव कापलं असेल, तर पॅड बांधून बसू नका. लेखी तक्रार करा, पोच घ्या, युनियन असेल तर तिच्याकडे जा.

शेवटी यादी लावणाऱ्यांना एक विनंती. ज्याचं नाव घातलं नाही, त्याला यादी नोटीस बोर्डावर लागायच्या आधी बोलवा. दहा मिनिटं द्या, फोन बाजूला ठेवा आणि कारण तोंडावर सांगा. ते सांगायला जीभ अडखळत असेल, तर यादी पुन्हा एकदा तपासा.