औषध मारलं त्यानं, पण बोलावलं कोणी?



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर लॉनचा विषय निघाला. पाऊस सुरू झाला की दरवर्षी निघतोच. कुणाकडं लव्हाळा माजलाय, कुणाकडं आंबुटी आणि दुधी पसरलीय. एकीनं लगेच फवारणीवाल्याचा नंबर काढून दिला. "एका सकाळीत काम संपतं बघा. आपल्याला हातसुद्धा लावायला नको. आणि पाप लागलंच तर त्याला, आपण कुठं मारतोय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण दोन वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं, म्हणून आज लिहायला बसलेय.

"आपण कुठं मारतोय?" हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला भलं म्हटलेलं, हे तिन्ही आपल्याकडं एका ओळीत मोजतात. प्रतिक्रमणात आपण तिन्हींची क्षमा मागतो. "कापणारा वेगळा, मी फक्त विकत आणतो" असं मांसाहारी माणूस म्हणाला तर आपण त्याला लगेच गप्प करतो. मग तोच हिशेब फवारणीवाल्याला पैसे देताना कुठं जातो?

माझ्याकडं आलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. पाठीवर पंप, पायात काही नाही, हातात मोजे नाहीत, तोंडाला रुमाल. औषध पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत, त्यावर ना नाव ना लेबल. काय आहे विचारलं तर म्हणाला, "तणाचं औषध आहे काकू." मला तेवढं पुरलं. मी आत जाऊन चहा टाकला. वारा होता, तरी त्यानं फवारलं. पंधरा दिवसांत कुंपणाकडच्या जास्वंदीची कोवळी पानं आकसून वेडीवाकडी झाली. माहेरी आमची शेती आहे. भाऊ पानं बघून म्हणाला, "टू-फोर-डी असणार. कापसावर उडालं तरी असंच होतं."

पण जास्वंदीपेक्षा मला दुसरंच लागलं. काम झाल्यावर त्यानं पंप बागेतल्या नळावर खळखळून धुतला आणि ते पाणी गटारात सोडलं. त्याच नळाचं पाणी मी रोज दुहेरी कापडातून गाळते आणि जिवाणी सांभाळून ठेवते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. आणि ऐन चातुर्मासात, जेव्हा जमिनीवर जीव फार म्हणून आपले साधू विहारसुद्धा थांबवतात, तेव्हा मी पैसे मोजून अंगणावर विष शिंपडून घेतलं.

कुणी म्हणेल, शेतकरी नाही का तणनाशक मारत? मारतो. उसात लव्हाळा शिरला की काय होतं ते सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या बायकांना सांगायला नको. भांगलणीला माणूस मिळत नाही आणि त्याचं पोट त्यावर आहे. त्याच्या हिंसेला आपले आचार्य उद्योगी हिंसा म्हणतात, आणि संकल्पी हिंसेपासून ती वेगळी धरतात. पण आपलं लॉन कुणाचं पोट भरतं? रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. विनाकारण माती खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं ही प्रमादचर्या. दुसऱ्याच्या हाती विष-शस्त्रासारखी साधनं देणं हे हिंसादान. पाहुण्यांनी "वा!" म्हणावं म्हणून केलेली फवारणी यात बसत नाही असं मला कुणी समजावून द्यावं.

आणि तो मुलगा? २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तिथलं औषध वेगळं होतं, पण उघड्या अंगानं फवारणारा माणूस तोच. एकेंद्रियाची काळजी करणाऱ्या आपण, दारातल्या पंचेंद्रियाला मोजे आहेत का हे विचारत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणी. त्या म्हणतात, हातानं उपटणं जास्त वाईट, लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे कंद, अनंतकाय! मान्य. पण मुळापर्यंत जाणारं जे औषध तुम्ही मारता, ते पानातून खाली उतरून तीच गाठ मारावी म्हणूनच बनवलेलं असतं. डोळ्यांना दिसलं नाही म्हणून जीव वाचत नाही. उपटण्यातही हिंसा आहेच, पण खुरपं एकाच रोपाला लागतं. समोर मुंगी, गांडूळ, गोगलगाय दिसली तर हात थांबतो. पंपाला डोळे नाहीत.

तरीही ज्यांना फवारायचंच आहे त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून माणूस बोलवा. पैसे घेऊन अशी फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो, तो बघायला मागा. ग्लायफोसेट तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याशिवाय कुणी वापरायचंच नाही, असा आदेश केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला बहुधा कर्करोगकारक ठरवलंय. मूळ डबा बघा, त्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डबा दाखवायला कां-कूं करणाऱ्याला परत पाठवा. (मी पाठवलं नाही, चहा पाजला.)

मी काय केलं ते सांगते. लॉन निम्मं केलं. उरलेल्या जागेत कढीपत्ता, गवती चहा आणि पायवाटेला फरशा. गवत अगदी तासून कापत नाही, उंच राहिलं की खाली सावली पडते आणि नवं तण कमी रुजतं. कच्चं शेणखत आणि कुठूनही आणलेली लाल माती बंद, कारण तण बहुतेक त्यातूनच घरात येतं. आंबुटीला शेंगा धरायच्या आत काढते, एकदा त्या फुटल्या की बी चहूकडं उडतं. आणि महिन्यातून एकदा भांगलणीच्या दोघी मावशी येतात. कुठलं तण कधी काढायचं हे त्यांना फवारणीवाल्यापेक्षा जास्त कळतं, आणि काही तण त्या उपटूच देत नाहीत. परवा घोळ काढायला गेले तर मोठ्या मावशींनी हात धरला. "ठेव की, भाजी होती त्याची."

लव्हाळा अजून आहे. पाहुणे आले की दिसतो. यंदा दिवाळीला नणंद म्हणालीच, "वहिनी, तुमच्या लॉनला काय झालंय?" तिला मी हेच सगळं सांगत बसले, आणि तेवढ्यात पुऱ्या करपल्या.