टॉलस्टॉयचे मृत्युपत्र आणि सोफियाची बाजू

२२ जुलै १९१० रोजी ८१ वर्षांचे लेव टॉलस्टॉय घोड्यावर बसून यास्नाया पोल्यानातल्या आपल्या घरातून बाहेर पडले. ग्रुमंट नावाच्या खेड्याजवळच्या जंगलात, तोडलेल्या झाडाच्या खोडावर बसून त्यांनी मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून काढले. साक्षीदारांनी सह्या केल्या आणि ते घरी परतले. जवळपास ४८ वर्षे ज्यांच्याबरोबर संसार केला त्या पत्नीला, सोफियाला, त्यांनी यातले काहीही सांगितले नाही. तीन महिन्यांनी ते घर सोडून गेले आणि त्यानंतर दहा दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. (या तारखा त्या वेळच्या रशियन दिनदर्शिकेच्या आहेत, आजच्या तारखेसाठी त्यांत १३ दिवस मिळवावे लागतात.)

या अखेरच्या वर्षावर मायकेल हॉफमन यांनी २००९ मध्ये 'द लास्ट स्टेशन' हा चित्रपट काढला. त्याला आधार होता जे पारिनी यांच्या १९९० सालच्या कादंबरीचा. सोफियाच्या भूमिकेत हेलन मिरेन आणि टॉलस्टॉयच्या भूमिकेत ख्रिस्तोफर प्लमर. दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले. प्लमर यांचे तर ते ऐंशीव्या वर्षी मिळालेले पहिलेच. २०२८ मध्ये टॉलस्टॉय यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी त्यांच्यावर भरभरून बोलले जाईल, आणि बोलायलाच हवे. पण त्याआधी हा चित्रपट पुन्हा पाहण्यासारखा आहे, कारण थोर माणसाच्या घरात त्याच्या थोरपणाचा हिशेब कोण चुकता करत होते, हे तो विचारतो.

भांडण नेमके कशाचे होते ते आधी समजून घेतले पाहिजे. पन्नाशीनंतर टॉलस्टॉय यांच्या विचारांत मोठे परिवर्तन झाले. खासगी मालमत्ता हे पाप आहे, या मतावर ते आले. १८८१ नंतर लिहिलेल्या साहित्यावरचा आपला हक्क सोडत असल्याचे त्यांनी १८९१ मध्ये जाहीर केले. ते कोणीही छापावे, कोणालाही पैसे देऊ नयेत. पुढच्याच वर्षी जमीनजुमला पत्नी आणि मुलांमध्ये वाटून टाकला. १८८१ पूर्वीच्या साहित्याचे, म्हणजे 'वॉर अँड पीस' आणि 'अॅना कॅरेनिना' यांचे, व्यवहार मात्र कुलमुखत्यारपत्राने सोफियाकडे होते. घर, मुलांची शिक्षणे, नोकरचाकर, पाहुण्यांची सततची वर्दळ हा सगळा खर्च त्या पुस्तकांच्या विक्रीवर चालत असे. ती विक्री सोफियाने स्वतः उभी केली होती. प्रकाशनाचा व्यवसाय कसा करायचा हे विचारायला त्या दोस्तोयेव्हस्की यांच्या विधवा पत्नी आना यांच्याकडे गेल्या होत्या. 'क्रॉयट्झर सोनाटा' या टॉलस्टॉय यांच्या कथेवर बंदी आली तेव्हा तिला समग्र साहित्याच्या खंडात जागा मिळावी म्हणून १८९१ मध्ये झारची प्रत्यक्ष भेट घेऊन परवानगी आणली, तीही त्यांनीच. ज्या कथेत विवाहसंस्थेवर इतका कडवट हल्ला आहे आणि जिच्यामुळे लोक आपल्याच संसाराकडे बोट दाखवतात, त्या कथेसाठी ही बाई राजाच्या दारात उभी राहिली.

अठराव्या वर्षी सोफियाचे लग्न झाले तेव्हा टॉलस्टॉय ३४ वर्षांचे होते. लग्नाआधी त्यांनी आपल्या रोजनिश्या तिच्या हातात ठेवल्या. एका शेतकरी स्त्रीशी असलेला संबंधही तिने त्यांत वाचला. प्रामाणिकपणा म्हणून टॉलस्टॉय यांनी हे केले. पण त्या मुलीच्या मनावर जो घाव बसला तो तिच्या स्वतःच्या रोजनिशीत अनेक वर्षे वाहताना दिसतो. पुढे १३ बाळंतपणे, लहानपणीच गेलेली पाच मुले, आणि रात्री घर झोपल्यावर नवऱ्याच्या गिचमिड अक्षरातले खर्डे उतरवून काढणे. 'वॉर अँड पीस'चे कितीतरी भाग त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढले. या पुस्तकांवर आपलाही हक्क आहे असे त्यांना वाटत असेल, तर त्याला लोभ म्हणणे हा अन्याय आहे. टॉलस्टॉय यांच्या भक्तांनी तो बरीच वर्षे केला.

चित्रपट हा अन्याय करत नाही. वालेंतिन बुल्गाकोव्ह हा तरुण चिटणीस नव्याने त्या घरात येतो, घाबरला की शिंकायला लागतो, आणि त्याच्या डोळ्यांनी आपण सगळे पाहतो. टॉलस्टॉय यांचे पट्टशिष्य व्लादिमीर चेर्तकोव्ह त्याच्या हातात वही देऊन म्हणतात, घरात काय चालते ते लिहून ठेव. मग सोफियाही त्याला वही देतात आणि तेच सांगतात. प्रत्यक्षातही त्या घरात जो तो लिहीत होता. घरचे डॉक्टर माकोवित्स्की तर खिशात हात घालून, न पाहता, कागदाच्या तुकड्यावर टॉलस्टॉय यांची वाक्ये टिपून घेत. नवरा-बायकोच्या प्रत्येक शब्दाला दस्तऐवजाचे रूप आल्यावर भांडणही मोकळेपणाने करता येत नाही आणि समेटही. हे गुदमरणे चित्रपटाने नेमके पकडले आहे.

चित्रपटात एक प्रसंग शयनगृहाचा आहे. दिवसभर एकमेकांना घायाळ करणारे हे वृद्ध जोडपे रात्री जुन्या लाडिक खेळात रमते आणि जगाला संन्यासाचा उपदेश करणारा महर्षी बायकोच्या आग्रहावरून कोंबड्यासारखा आरवतो. मिरेन खळखळून हसतात, प्लमरही हसतात, आणि तेवढ्या दोन मिनिटांत हा संसार जवळपास पन्नास वर्षे का टिकला ते कळते. कोणत्याही चरित्रग्रंथापेक्षा सिनेमा हे अधिक चांगले सांगू शकतो. टॉलस्टॉय यांचे प्रेम आटले होते म्हणून ते गेले, अशी सोपी समजूत यापुढे करून घेता येत नाही.

तक्रार आहे ती चेर्तकोव्ह यांच्या चित्रणाबद्दल. पॉल जियामाटी यांनी ती भूमिका उत्तम केली आहे, पण मिशांना पीळ देणारा, कारस्थानी, जवळपास खलनायक असा हा माणूस लिहिला गेला आहे. खरे चेर्तकोव्ह अहंमन्य आणि हेकट होते यात शंका नाही. पण याच माणसाला छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथीयांची बाजू घेतल्याबद्दल १८९७ मध्ये देश सोडावा लागला. त्यांनी इंग्लंडमध्ये राहून टॉलस्टॉय यांची बंदी असलेली पुस्तके छापली, हस्तलिखिते जिवापाड जपली. १९२८ पासून निघू लागलेल्या ९० खंडांच्या समग्र टॉलस्टॉय साहित्याची पायाभरणी त्यांचीच. एकाला न्याय देताना दुसऱ्यावर सगळा दोष टाकला की गोष्ट सोपी होते आणि मुख्य जबाबदार माणूस नजरेआड जातो.

तो माणूस म्हणजे स्वतः टॉलस्टॉय. साहित्य सर्वांचे व्हावे ही त्यांची इच्छा उदात्त होती. कायद्याची अडचण अशी, की 'सर्वांना' असे मृत्युपत्र करता येत नाही. कोणीतरी नावानिशी वारस लागतो. म्हणून धाकटी मुलगी साशा हिचे नाव घातले गेले आणि प्रत्यक्ष व्यवस्था चेर्तकोव्ह यांनी पाहावी असे ठरले. इथपर्यंतही समजण्यासारखे आहे. खटकते ते हे, की सत्यासाठी चर्चशी आणि झारशाहीशी उघड झुंजणाऱ्या माणसाने हे काम घरच्यांपासून लपवून केले. जुलैच्या अखेरीस त्यांनी फक्त स्वतःसाठी म्हणून एक वेगळी, गुप्त रोजनिशी सुरू केली. मृत्युपत्रानंतर काही दिवसांतच त्यांनी तिच्यात आपली चूक कबूल केली आहे: सगळ्या वारसांना बोलावून आपला हेतू उघडपणे सांगायला हवा होता, असे लपूनछपून करायला नको होते. हेच त्यांनी चेर्तकोव्ह यांना कळवलेही. चेर्तकोव्ह यांनी लांबलचक पत्र लिहून त्यांची समजूत काढली आणि टॉलस्टॉय पुन्हा गप्प बसले. त्या वर्षातला सर्वांत निर्णायक क्षण आमच्या मते हा आहे, घर सोडण्याचा नव्हे. आपल्यापासून एखादा कागद लपवला आहे हे सोफियाला जाणवत होते. त्या तो शोधत राहिल्या, आक्रस्ताळेपणा करत राहिल्या, आणि घरात मनोविकारतज्ज्ञ बोलावले गेले. त्यांच्या संशयाला वेड ठरवले गेले, पण तो संशय खरा होता.

२७ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर अभ्यासिकेत कागद चाळण्याचा आवाज टॉलस्टॉय यांच्या कानावर आला आणि त्यांचा निर्णय झाला. पत्नीला चिठ्ठी लिहून, माकोवित्स्की यांना सोबत घेऊन ते अंधारात निघाले. तबेल्याकडे जाताना टोपीही कुठेतरी पडली. ऑप्तिना मठ, मग शामोर्दिनोच्या मठात साध्वी असलेली बहीण, मग दक्षिणेकडे जाणारी गाडी. गाडीत ताप चढला, फुप्फुसाचा दाह सुरू झाला आणि अस्तापोवो या आडबाजूच्या स्टेशनावर उतरावे लागले. स्टेशनमास्तर इव्हान ओझोलिन यांनी आपले घर त्यांना दिले. दोन दिवसांत सोफिया स्वतंत्र गाडी करून पोहोचल्या, पण त्यांना आत सोडले नाही. हा निर्णय एकट्या चेर्तकोव्ह यांचा नव्हता. डॉक्टर आणि पोटची मुले यांनीही तेच ठरवले होते. सोफिया रुळावर उभ्या केलेल्या डब्यात राहिल्या. जगभरातून बातमीदार जमले होते. पाथे कंपनीच्या कॅमेऱ्याने टिपलेली सोफियाची धडपड आजही पाहायला मिळते: अंगावर जाड कोट घातलेली ६६ वर्षांची बाई नवरा ज्या घरात मरणासन्न पडला आहे त्या घराच्या बंद खिडकीतून आत पाहू बघते आहे. अगदी शेवटी, टॉलस्टॉय यांची शुद्ध हरपल्यावर, सोफियाला आत घेतले. ७ नोव्हेंबरच्या पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी टॉलस्टॉय गेले.

चित्रपटातला शेवट याहून हळवा आहे. त्या दोघांना तो निरोपाचे काही क्षण देतो. बुल्गाकोव्ह आणि चित्रपटातली तरुणी माशा यांची प्रेमकथाही कल्पित आहे. प्रेमकथेला आमची हरकत नाही, कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असते. पण अस्तापोवोची वस्तुस्थिती इतकी कठोर आहे की तिला मऊ करण्याने सोफियाचेच दुःख कमी लेखले जाते. ज्या चित्रपटाने सव्वा तास त्यांची बाजू धीटपणे मांडली, त्याने शेवटीही धीर धरायला हवा होता.

मृत्युपत्राचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. टॉलस्टॉय यांच्या मागे उरलेले अप्रकाशित साहित्य छापून आलेल्या पैशातून साशाने १९१३ मध्ये यास्नाया पोल्यानाची जमीन आई आणि भावांकडून विकत घेतली आणि शेतकऱ्यांना वाटून टाकली. म्हणजे टॉलस्टॉय यांची इच्छा वाया गेली नाही आणि जमिनीची किंमत कुटुंबालाही मिळाली. जो कागद लपवण्यात दोघांच्या संसाराचे शेवटचे महिने करपले, त्याची योजना उघडपणे मांडली असती तर कदाचित बरेच टळले असते.

भारताशी या कथेचा संबंध मृत्युपत्राच्याच वर्षाचा आहे. १९१० च्या मध्यावर गांधीजी आणि त्यांचे मित्र कालेनबाख जोहान्सबर्गजवळ 'टॉलस्टॉय फार्म' उभा करत होते. सप्टेंबरमध्ये, घरातला कलह टोकाला गेला असताना, टॉलस्टॉय यांनी गांधीजींना सत्याग्रहाचे महत्त्व सांगणारे दीर्घ पत्र लिहिले, आणि ते रवाना झाले चेर्तकोव्ह यांच्यामार्फत. मराठीत साने गुरुजींनी टॉलस्टॉय यांचे कलाविषयक चिंतन आणले. सुमती देवस्थळे यांनी चरित्र लिहिले त्याचे नावच 'टॉलस्टॉय : एक माणूस'. त्या नावातला 'माणूस' मराठी वाचकांनी मनापासून स्वीकारला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून वाढलेल्या आपल्या वाचकाला तर ध्येयवेड्या, वारंवार घर सोडून जाणाऱ्या नवऱ्याच्या बायकोचे म्हणणे ऐकण्याची सवयच आहे.

सोफियाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. 'क्रॉयट्झर सोनाटा'ला उत्तर म्हणून त्यांनी 'कोणाचा दोष?' अशा नावाची कादंबरिका लिहिली होती. ती रशियात छापली गेली १९९४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ७५ वर्षांनी. द्विशताब्दीच्या निमित्ताने मराठी प्रकाशक टॉलस्टॉय यांच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या काढतील, तेव्हा त्यांनी ही कादंबरिका आणि सोफियाच्या रोजनिश्या यांचाही विचार करावा. चित्रपट संस्थांनी 'द लास्ट स्टेशन' दाखवावा, आणि त्यानंतर चर्चा ठेवावी ती मृत्युपत्रावर.