तरुण वयातील हृद्रोग आणि आपला केसपेपर

हृद्रोग हा उतारवयाचा व्याधी, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांविषयीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार हृदयविकाराचा पहिला झटका आपल्याकडे सरासरी ५३ व्या वर्षी, तर अन्य देशांत सुमारे ५९ व्या वर्षी येतो. याच अभ्यासाच्या २००४ च्या मुख्य निष्कर्षांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताणासही प्रमुख कारणांत स्थान मिळाले.

आपल्या शास्त्राला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात वातज हृद्रोगाच्या हेतूंत शोक, पित्तज हृद्रोगात क्रोध आणि कफज हृद्रोगात अचिंतन सांगितले आहे. म्हणजे तिन्ही दोषांच्या हृद्रोगात आहारविहाराच्या जोडीला मनाचा एकेक हेतू आवर्जून आलेला आहे. तिसाव्या अध्यायात तर हृदय आणि ओज यांच्या रक्षणासाठी मनाला दुःख देणारी कारणे विशेषत्वाने टाळावीत, असा स्पष्ट उपदेश आहे. प्रश्न असा, की हा उपदेश आपल्या केसपेपरवर कितपत उतरतो?

मनाचे दुःख हे केवळ व्यक्तीच्या स्वभावातून येत नाही. त्याला सामाजिक स्थितीचीही मुळे असतात. १९६७ साली लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर ‘व्हाइटहॉल’ अभ्यास सुरू झाला. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांनी या तफावतीचा उलगडा केवळ अंशतःच झाला.

त्याच १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्याआधी धरणाने येथील कित्येक गावे उठवली होती आणि पुनर्वसनाचे प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळले. डोंगरउताराच्या तुटपुंज्या शेतीवर भागत नसल्याने पाटण तालुक्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरतो. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्याचे. त्या चळवळीतूनच १९६९ चा माथाडी कायदा आला. आजचा तरुण पाठीवर पोते वाहत नसेल, पण टॅक्सी, सुरक्षारक्षकाची नोकरी वा बाजारातील रात्रपाळी करतो. रात्री जागरण, अवेळी भोजन, खिशात तंबाखूची पुडी, गावाकडे वृद्ध आईवडील आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता. भरीला, पुरुषाने रडू नये ही रीत. अश्रूंचा वेग धारण केल्याने होणाऱ्या विकारांत चरकाचार्यांनी हृद्रोगही गणला आहे, हे येथे स्मरावे.

काही वैद्यमित्र म्हणतात, रुग्ण औषधासाठी येतो, त्याच्या कर्जाची चौकशी आपण का करावी? कर्ज आपण फेडू शकत नाही, हे खरेच. परंतु निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर निदान विचारल्याविना परिवर्जन कशाचे करणार? हेतुसेवन तसेच चालू ठेवून अर्जुनारिष्टाच्या बाटल्या देत राहणे म्हणजे गळकी घागर भरण्यासारखे आहे. झोप किती, कामाचे तास किती, घरची विवंचना कोणती, तंबाखू-मद्य किती आणि कुटुंबात कमी वयात कोणास हृद्रोग झाला होता काय, हे पाच प्रश्न तिशीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर असावेत. सोबत रक्तदाबाची नोंद व्हावी आणि रक्तशर्करा तपासून घ्यावी.

मात्र याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ‘टेन्शन आहे’ किंवा ‘अम्लपित्त आहे’ असे म्हणून छातीतील वेदनेची बोळवण करणे हा घातक प्रकार होय. छातीवर दाब, घाम, धाप, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, यांपैकी काहीही असल्यास रुग्ण पंचविशीचा असला तरी प्रथम ईसीजी, चूर्ण नंतर. कोयनानगराहून कराड पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे. घाटवाटांच्या या प्रदेशात अर्धा तास दवडणेही परवडत नाही. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. तिच्यावर अनेक ठिकाणी आपलेच बी.ए.एम.एस. पदवीधर सेवा देत आहेत. तसेच हृदयासाठी चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. जळजळीचे औषध वा हृदयाचे टॉनिक घेण्यास वारंवार येणारा तरुण हा केवळ ग्राहक नव्हे. त्याला दोन शब्द विचारावेत आणि वैद्याकडे धाडावे. एका बाटलीची विक्री बुडेल, पण एक घर वाचू शकेल.

गावची यात्रा आणि गणेशोत्सव या दिवसांत मुंबईकर तरुण आपापल्या वाडीत येतात. संघटनेच्या तालुका शाखांनी नेमक्या याच दिवसांत तपासणी शिबिरे घ्यावीत, अशी सूचना मी या लेखाद्वारे मांडत आहे. वर्षाचे उरलेले दिवस हा तरुण आपल्या हाती लागत नाही. कार्यकारिणीने आगामी बैठकीत यावर अवश्य विचार करावा.