चाळिशी आणि माशी

मराठी भाषेने काही शब्द फार निष्ठुरपणे घडविले आहेत. ‘चाळिशी’ हा त्यांतला एक. वयाचे नावही तेच आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचे नावही तेच. बी. ए.च्या वर्गात अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून मी हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुले हसतात, मीही हसतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत मी अगदी मनापासून हसत असे.

आमचा जिल्हा नगरचा. २०२४ पासून सरकारी कागदोपत्री तो अहिल्यानगर झाला. तोंडात अजून जुने नावच येते. या गावाचे आणि तोफा-बंदुकांचे नाते जुने आहे. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ साली ओतली गेली ती इथे, निजामशाहीच्या नगरात. आजही चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा इथेच आहे, आणि के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालू असला की त्याचा आवाज दूरवर येतो. अशा जिल्ह्यात मराठीचा मास्तर एन. सी. सी.चा अधिकारी झाला, तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही. गेली अठरा वर्षे मी सोमवारी वर्गात तुकाराम शिकवतो आणि रविवारी मैदानावर मुलांना ‘सावधान’ म्हणतो.

वर्षातून काही दिवस पॉइंट टू-टू रायफलीचा सराव असतो. मुलांचे आटोपले की शेवटी आपणही पाच गोळ्या झाडायच्या, हा माझा जुना नेम. (हाही शब्द पाहा. रोजचा परिपाठ तोही नेम आणि बंदुकीचा तोही नेम.) पंचवीस मीटरवर लावलेल्या कागदावर माझ्या पाचही गोळ्या एका आगपेटीखाली झाकतील एवढ्या जागेत बसत. मुले तो कागद हातोहात फिरवीत. मी अर्थातच तिकडे लक्ष नसल्यासारखे दाखवीत असे.

गेल्या डिसेंबरात कागद हाती आला तो पाहून मी चकित झालो. पाच भोके पाच दिशांना, वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी. त्यांतले एक तर वर्तुळांच्या पार बाहेर.

“हा माझा कागद नव्हे,” मी म्हणालो.

कागद घेऊन आलेला मुलगा दुसऱ्या वर्षाचा, पाथर्डीकडचा. आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. तो हळूच म्हणाला, “सर, तुमचाच आहे.”

“तू बदलला असशील. लक्ष कुठं असतं तुझं?”

साठ मुले उभी होती. तो काही बोलला नाही. त्याने नुसता कागद उलटा केला. मागे सकाळी मीच केलेली माझी सही होती.

मी कागदाची घडी करून खिशात घातली. “बंदुकीची माशी हललेली दिसते,” असे म्हणून मोकळा झालो. तो “यस सर” म्हणाला. त्याच वेळी “चूक माझी होती” एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. अठरा वर्षे मुलांना शिस्त शिकवणाऱ्याला ते जमले नाहीत.

पुढच्या खेपेला मी रायफल बदलून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्हींच्या माशा एकाच हिवाळ्यात हलाव्यात हे जरा चमत्कारिकच होते. शेवटी निकाल घरीच लागला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, बंदुकीचं राहू द्या. महिनाभर उत्तरपत्रिका हात लांब करकरून तपासता आहात. आता हात याहून लांब व्हायचा नाही.”

भिंगारला एक निवृत्त रिसालदार राहतात. सारी नोकरी रणगाड्यांत झाली. आता अंगणात हवेच्या बंदुकीने दहा मीटरवर कागद टिपतात. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी डोळ्यांविषयी काही विचारले नाही. म्हणाले, “सर, एक डोळा मिटा. अंगठा हातभर लांब धरा. अंगठ्याची रेघ बघा आणि रस्त्यापलीकडची पाटी वाचा. एकदम.”

मी प्रयत्न केला. एक स्पष्ट दिसे तेव्हा दुसरे पुसट होई.

“एकदम कुणालाच दिसत नाही,” ते म्हणाले. “विशीतलं पोरगं इतक्या झटकन इकडून तिकडं करतं, की त्याला वाटतं दोन्ही दिसतंय. आपल्याला आता ते जमत नाही. बंदुकीत तर दोन नाही, तीन गोष्टी आहेत.”

वाचकहो, सगळे मर्म या तीन गोष्टींत आहे. डोळ्याजवळ मागची खाच, नळीच्या टोकाला ती बारीक खुंटी, जिला जुने शिकारी ‘माशी’ म्हणत, आणि तिच्यापलीकडे लक्ष्य. तिन्ही तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतराचा. डोळ्यातले भिंग लहानपणी लवचिक असते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरची मुंगीसुद्धा स्पष्ट दिसते. वयाबरोबर भिंग ताठर होत जाते आणि पन्नाशीला तेच अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. हा रोग नव्हे, आणि तो कुणालाही चुकत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. द्रोणाचार्यांनी विचारल्यावर अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण सर्वांनी पाठ केली आहे. उघड्या माशीच्या बंदुकीचे शास्त्र नेमके उलटे आहे. तिथे नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य थोडे पुसट राहू द्यायचे. काळे वर्तुळ किंचित अंधुक दिसले तरी त्याचा मध्य मनाला सापडतो. पण माशी केसभर चुकली, तर पंचवीस मीटरवर गोळी बोटभर सरकते. मी मात्र माशी दिसेनाशी झाल्यापासून नकळत लक्ष्याकडे पाहू लागलो होतो. अर्जुन झालो आणि नेम गेला.

मग उपाय कोणते? रिसालदारसाहेब आणि माझे डोळ्यांचे डॉक्टर, या दोघांकडून जे शिकलो ते सांगतो.

पहिला उपाय चष्म्याचा. पण तो वाचायचा चष्मा नव्हे. त्याने पुस्तक दिसते, माशी दिसत नाही. दोन भिंगांचा किंवा चढत्या नंबरचा चष्माही नेमाला अडचणीचा. मान बंदुकीवर झुकली की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो आणि तिथे भलताच भाग येतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना एक माप घेऊन जावे: नेम धरलेला असताना डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर. माझे नव्वद सेंटिमीटर भरले. तेवढ्या अंतराला डोळ्याला सुमारे एक नंबरची मदत लागते. ती पूर्ण दिली तर माशी लख्ख दिसते, पण लक्ष्य फारच विरघळते. म्हणून निम्मी द्यायची. दूरच्या नंबरात अर्धा नंबर अधिक, हा रायफलवाल्यांचा जुना हिशेब आहे. नजर मग माशी आणि लक्ष्य यांच्यामध्ये कुठेतरी तडजोड करते. संसारी माणसाला ही कल्पना समजायला वेळ लागत नाही.

दुसरा उपाय छिद्राचा. मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची चकती बसवायची. बारीक भोकातून येणारे किरण इतके सडपातळ असतात, की जवळचे आणि दूरचे दोन्ही बरेच स्पष्ट उमटते. याचा पडताळा आपण आत्ताच घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, चष्मा काढा, पुठ्ठा डोळ्याशी धरा आणि भरपूर उजेडात वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचा. वाचता येतील! मात्र भोक लहान तितका उजेड कमी, आणि फारच लहान केले तर चित्र पुन्हा मऊ होते. साधारण एक ते सव्वा मिलिमीटर बरे. ढगाळ दिवशी थोडे मोठे. कमीजास्त करता येणारी चकती मिळते, ती प्रौढांना सोयीची.

तिसरा उपाय दुर्बिणीचा. तिच्यात लक्ष्य आणि मधली फुली ही दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात. तीन अंतरांचे भांडण एकदम मिटते. मीही हुरळलो. रिसालदारसाहेबांनी आपल्याजवळच्या दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. पहिली खूप पटींची. तिच्यातून लक्ष्य ताटाएवढे दिसले. पण माझ्या नाडीचा प्रत्येक ठोकाही दिसू लागला आणि फुली नाचू लागली. दुसरी कमी पटींची, पण शंभर यार्डांसाठी बांधलेली. दहा मीटरवर डोके जरा हलवले की फुली लक्ष्यावरून सरकायची, जशी आगगाडीच्या खिडकीतून जवळची झाडे दूरच्या डोंगरावरून सरकतात. म्हणजे जवळच्या नेमबाजीला अंतर जुळवता येईल अशीच दुर्बीण घ्यावी. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागावे: ३२ मिलिमीटर आणि ४ पट, तर डोळ्यात ८ मिलिमीटरचा झोत येतो, ४० आणि १० पट, तर ४ मिलिमीटरचा. वय वाढते तशी आपली बाहुली अंधारातही पूर्वीइतकी फाकत नाही. साठीला ती पाचेक मिलिमीटरपर्यंतच जाते. तेव्हा आठाच्या झोतासाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. डोळ्याकडची कडी फिरवून फुली आधी आपल्या नजरेला लावून घ्यावी. त्यासाठी मोकळ्या आभाळाकडे क्षणभर पाहावे. सूर्याकडे चुकूनही नाही. आणि स्प्रिंगच्या हवेच्या बंदुकीला साधी दुर्बीण बसवू नये. ती बंदूक मागे-पुढे दोन्हीकडे धक्का देते आणि नाजूक दुर्बीण खिळखिळी होते.

लाल ठिपक्याचे यंत्रही हल्ली मिळते. पण डोळ्यात वाकडा नंबर असला, तर तो ठिपका भुईचक्रासारखा फुटलेला दिसतो. विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्याने पाहावे. आणि मोतीबिंदू असेल, तर कोणत्याही काचेवर पैसे घालण्याआधी डॉक्टर गाठावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला मज्जाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरवर कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीशिवाय. तिथले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. ते तरुण आहेत, असे कुणी म्हणेल. तर स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये, पळत्या हरणाच्या आकृतीवर नेम धरून संघासाठी रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते. इतक्या वयात ऑलिंपिक पदक मिळवणारा दुसरा खेळाडू अजून झालेला नाही.

एन. सी. सी.च्या रायफलीला मी दुर्बीण लावणार नव्हतोच. अर्ध्या नंबरचा चष्मा केला. कापड बाजाराजवळच्या चष्मेवाल्याने “सर, हा वाचायला चालणार नाही हं,” असे तीनदा बजावले.

फेब्रुवारीत पुन्हा सराव झाला. पाच गोळ्या झाडण्याआधी मी मुलांना गोळा केले आणि म्हणालो, “डिसेंबरात मी याच्यावर कागद बदलल्याचा आरोप केला. कागद माझाच होता. बंदूक चांगली होती, मुलगा खरा होता, डोळा माझा बिघडला होता. मी त्याची माफी मागतो.” बोललो सगळ्यांसमोर होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. मग तो अंगठ्याचा प्रयोग आणि पुठ्ठ्याचे भोक मुलांना दाखवले.

पाच गोळ्या आगपेटीत बसल्या नाहीत. चहाच्या बशीखाली मात्र बसल्या. तो मुलगा कागद घेऊन आला, या खेपेला आधी सही दाखवली आणि हसला.

निघताना तो मागे रेंगाळला. “सर, तो पुठ्ठा घेऊ का?”

“घे की. कशाला?”

“आईला दाखवतो. दोन वर्षं झाली, गोधडी शिवायची सोडलीय तिनं. सुईत दोरा जात नाही. म्हणते, हात बिघडले.”

मी म्हणालो, “पुठ्ठा दाखव. त्यातून सुईचं नाकं दिसलं, तर हात नाही बिघडले. मग तिला डॉक्टरांकडे घेऊन ये, मी बरोबर येतो.”

ती माउली मार्चअखेरीस, कारखाना बंद झाल्यावर आली. तिच्या डोळ्यांना दुसरे काही नव्हते. वयाची चाळिशी तेवढी होती. साधा वाचनाचा चष्मा मिळाला. दुकानातच तिने पदराला खोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि मुलाकडे पाहिले.

या दिवाळीत आमच्या घरी एक नवी गोधडी आली आहे. टाके बारीक आहेत आणि एका ओळीत आहेत. मी ते दोन्ही चष्मे लावून पाहिले.