विश्लेषण : ‘मंजूर, मंजूर’ला मतदान म्हणायचे का?

बारामती आणि इंदापूर. पाणी असो वा राजकारण, या शेजारी तालुक्यांतली चुरस जुनीच. पण दोन्हीकडच्या सत्तेचा पाया एकच, सहकारी साखर कारखाना. तिकडे माळेगाव, सोमेश्वर. इकडे भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. कायद्याने शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. मात्र सहकारातल्या वार्षिक सभांत अनेकदा विषय वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि पुढचा विषय सुरू होतो.

ग्रीसमध्ये काय होते?

अथेन्स आणि स्पार्टा ही प्राचीन ग्रीसमधील प्रतिस्पर्धी नगरराज्ये. अथेन्सच्या सभेत नागरिक बोलत, हात वर करून मत देत. ५०० जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. स्पार्टात दोन राजे, २८ ज्येष्ठ आणि पाच वार्षिक अधिकारी कारभार पाहत. सभा ओरडून कौल देई.

तरीही इ.स.पू. ४३२ मध्ये अथेन्सशी युद्धाचा प्रश्न आला, तेव्हा स्पार्टाच्याच अधिकाऱ्याने ‘कोणता आवाज मोठा, ते कळत नाही’ म्हणत दोन्ही बाजूंना वेगवेगळे उभे केले.

मग इथे काय व्हावे?

ऊसदर, कर्ज, विस्तारवाढ यांचा भार सभासदाच्या घरावर पडतो. निदान अशा ठरावांना हात मोजावेत, विरोध इतिवृत्तात नोंदवावा. अथेन्सच्या सभेत स्त्रिया आणि गुलामांना जागा नव्हती. इथेही ऊस तोडणाऱ्याला मत नाही. शेतात राबूनही नावावर शेअर नसलेल्या बाईलाही नाही. हात मोजताना तेही आठवावे.